पोरगा नुसता बसलाय, म्हणजे त्याचा मेंदूही बसलाय का?

दारव्हा तालुक्यातल्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. मुलगा नीटची तयारी करतोय, दिवसाला बारा-बारा तास बसतो आणि संध्याकाळी म्हणतो, "बाबा, डोकंच चालून नाही राहिलं." आजीचं म्हणणं, पोराच्या डोक्याला लय ताण पडून राहिला, त्याले ग्लुकोज पाजा. शिक्षकांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. अभ्यास करताना मेंदू किती जास्त काम करतो? नुसतं बसलं की तो थांबतो का? आणि तालुक्याच्या गावी 'ब्रेन मॅपिंग'चं शिबिर लागलंय, तिथे मुलाची अभ्यासाची क्षमता तपासून घ्यावी का?

नमस्कार सर. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात तुमचे पैसे जाणार आहेत. नका करू. कारण पुढे सांगतेच.

मी मेंदूविकारांची डॉक्टर. यवतमाळ-वर्धा पट्ट्यातले रुग्ण बघते, त्यामुळे ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, वाचणं हे रोजचंच काम. त्या अनुभवावर आणि या विषयात झालेल्या संशोधनावर सांगते: अवघड गणित सोडवताना मेंदूचा एकूण खर्च जवळपास वाढतच नाही. बदलते ती वाटणी. आणि आपण ज्याला आराम म्हणतो, त्या वेळी मेंदू भलत्याच कामात गुंतलेला असतो.

हे सहज कुणाला पटत नाही, म्हणून आधी हिशेब मांडू. माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅम भरतो. शरीराच्या वजनाचा फार तर २ टक्के. पण माणूस निवांत पडलेला असताना शरीर जितकी ऊर्जा खर्चतं, त्यातली सुमारे २० टक्के एकटा मेंदू खातो. विजेच्या भाषेत २० वॅट, म्हणजे दिवसाला जेमतेम अर्धा युनिट. दर मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास रक्त त्याच्यातून फिरतं. आणि हा सगळा खर्च काहीही न करता. ही ऊर्जा जाते कुठे? मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. प्रत्येक पेशीला आतलं सोडियम बाहेर आणि बाहेरचं पोटॅशियम आत ढकलत राहावं लागतं, नाहीतर पुढचा संदेश पाठवायला ती तयारच राहत नाही. त्यात पेशींचं आपसातलं बोलणं अखंड चालू. तुम्ही पुस्तक उघडा नाहीतर मिटा, हे काही थांबत नाही.

१९५५ मध्ये अमेरिकेत लुई सोकोलॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं. माणसाला थोडा नायट्रस ऑक्साइड हुंगवायचा, मग धमनीतलं रक्त आणि मेंदूतून परत येणारं मानेच्या शिरेतलं रक्त यांची तुलना करायची, अशी ती पद्धत. त्यावरून मेंदूतून किती रक्त गेलं आणि त्याने किती ऑक्सिजन घेतला हे काढता येतं. एकदा माणसाला नुसतं पडू दिलं, एकदा मनातल्या मनात गणितं करायला लावली. ऑक्सिजनचा आकडा जागचा हलला नाही. त्या काळच्या बऱ्याच जाणत्यांनाही हे चमत्कारिक वाटलं होतं.

पण याच्याही बऱ्याच आधी इटलीत ट्युरिनच्या आंजेलो मोसो यांनी काही वेगळंच पाहिलं होतं. बर्टिनो नावाच्या एका शेतकऱ्याच्या कवटीला अपघातात भोक पडलं होतं. मोसो यांनी त्या जागी मेंदूचे ठोके नोंदवणारं यंत्र बसवलं. दुपारी चर्चची घंटा वाजली आणि ठोके एकदम मोठे झाले, हातातली नाडी मात्र होती तशीच. प्रार्थनेची आठवण झाली का, असं विचारलं, तर तो हो म्हणाला. मग गुणाकार करायला सांगितला, पुन्हा तेच.

आता यात खरं कोण? दोघंही. सोकोलॉफ यांनी अख्ख्या मेंदूची बेरीज पाहिली, मोसो यांनी एकच कोपरा पाहिला. ओलीत करताना विहिरीवरची मोटर तीच असते आणि पाणीही तेवढंच. आपण फक्त एका सरीचं तोंड दाबतो आणि दुसरीचं फोडतो. मेंदूत एवढाच फरक की कुठलीच सरी कोरडी पडत नाही. चालू कामामुळे एखाद्या भागाचा ऊर्जाखर्च वाढतो तो सहसा ५ टक्क्यांच्या आतच. वर्तमानपत्रात एमआरआयची रंगीत चित्रं येतात, त्यात एक ठिपका लालबुंद आणि बाकी सगळा मेंदू करडा. ते पाहून लोकांना वाटतं की करडा भाग झोपलाय. तसं नसतं. आधीच्या आणि नंतरच्या अवस्थेतला काही टक्क्यांचा फरक तेवढा रंगवलेला असतो. "आपण मेंदूचा १० टक्केच भाग वापरतो" हे वाक्य शाळेच्या भिंतीवर कुठे रंगवलं असेल, तर सर, त्यावर चुना मारा.

त्या रंगीत चित्रांमागे एक गमतीची गोष्ट आहे. १९८६ मध्ये पीटर फॉक्स आणि मार्कस राईकल यांना आढळलं की मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथे रक्त भरपूर वाढतं, ऑक्सिजनचा वापर मात्र किंचितच वाढतो. त्यांच्या मोजणीत रक्तप्रवाहाची वाढ २९ टक्के आणि ऑक्सिजनची ५ टक्के होती. गरजेपेक्षा जास्त रक्त आल्यामुळे तिथे ऑक्सिजनने भरलेलं रक्त उरतं. अशा रक्ताचे चुंबकीय गुण वेगळे असतात, आणि तोच फरक १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी एमआरआयने टिपून दाखवला. आज 'फंक्शनल एमआरआय' म्हणून जे चालतं, ते सगळं याच उरलेल्या रक्तावर उभं आहे.

आमच्या ईईजीच्या खोलीत रक्त दिसत नाही, वीज दिसते. तीही किती? काही मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग, असे वीस-पन्नास. एवढ्या नाजूक लहरी पकडायच्या तर खोलीचं अर्थिंग चोख लागतं. चैत्र-वैशाखात जमीन तडकली की आमचा टेक्निशियन अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून येतो, नाहीतर वायरिंगमधली ५० हर्ट्झची वीज आलेखभर पसरते.

रुग्णाला कॉटवर झोपवायचं, डोक्यावर इलेक्ट्रोड चिकटवायचे, दिवा मंद करायचा आणि सांगायचं, डोळे मिटा. थोड्याच वेळात डोक्याच्या मागच्या भागावर सेकंदाला ८ ते १३ या गतीच्या लहरी उमटू लागतात. त्या अल्फा लहरी. हान्स बर्गर यांनी जर्मनीतल्या येना इथे १९२४ मध्ये माणसाचा पहिला ईईजी काढला आणि तो छापला थेट १९२९ मध्ये. डोळे उघडले की या लहरी विरतात, आणि डोळे मिटलेलेच ठेवून मनात हिशेब केला तरीही त्या दबतात, हे त्यांनीच पाहून ठेवलंय.

पुस्तकात लिहिलंय, रुग्णाला १०० मधून सात-सात वजा करत जायला सांगा. आमच्याकडे त्याचा फारसा उपयोग होत नाही. शाळेची परीक्षा समजून माणूस घाबरतो. त्यापेक्षा विचारावं, "काका, ११ क्विंटल ४० किलो कापूस, भाव ७,२०० चा. हमाली-तोलाई सोडा, किती झाले?" कपाळाला आठ्या पडतात, ओठ हलायला लागतात, आणि पडद्यावर मागच्या लहरी बारीक होत जातात. कपाळाच्या मध्यरेषेवर सेकंदाला ४ ते ७ गतीच्या थीटा लहरी कधी कधी ठळक होतात. डोक्यात काही धरून ठेवून त्यावर काम करायचं असलं की त्या वाढतात. "ब्याऐंशी हजाराच्या वर जाते जी," असं म्हणून माणूस सुटतो, आणि दोन-चार सेकंदांत अल्फा परत. हाच प्रश्न जिनिंगवर वर्षानुवर्षं काटा सांभाळलेल्या माणसाला विचारला तर आलेखात फारसं काही हलत नाही. त्याचं उत्तर तयारच असतं.

सवयीचा हा परिणाम नीट मोजला गेलाय. कॅलिफोर्नियात रिचर्ड हायर यांनी १९९२ मध्ये टेट्रिस हा खेळ शिकणाऱ्यांचा मेंदू पाहिला. काही आठवडे रोज सराव केल्यावर खेळ सुधारला आणि मेंदूचा ग्लुकोजचा वापर कमी झाला. म्हणून जो धडा वाचताना मुलगा घामाघूम होतो, तोच धडा नीट मुरल्यावर कमी खर्चात निघतो. "जास्त ताण म्हणजे जास्त अभ्यास" हे समीकरण इथेच मोडतं.

एक इशारा मात्र देते. अल्फा म्हणजे आराम, अशी सरळ खूणगाठ बांधू नका. २००२ मधल्या एका प्रयोगात लोकांना अक्षरांची यादी मनात धरून ठेवायला लावली, तर यादी लांबेल तसा मागच्या भागातला अल्फा उलट वाढत गेला. ज्या भागाची त्या क्षणी गरज नाही त्याला गप्प बसवण्यासाठीही मेंदू ही लहर वापरतो, असं आता मानलं जातं. आणि काही माणसांच्या आलेखात अल्फा जवळपास दिसतच नाही, तरी ती ठणठणीत असतात.

हा बदल तुम्हाला घरी यंत्राशिवायही पाहता येईल. मुलाला खिडकीजवळ बसवा, उजेड बदलू देऊ नका, नजर एका जागी ठेवायला सांगा. मग एकेक सेकंदाने आकडे सांगत जा, चार, सहा, सात, आणि ते त्याच क्रमाने परत म्हणायला लावा. आकडे वाढतील तशी डोळ्याची बाहुली किंचित मोठी होत जाते, आणि तो उत्तर देत जाईल तशी बारीक. डॅनियल काहनेमन आणि जॅक्सन बीटी यांनी हे १९६६ मध्ये दाखवलं. (काहनेमन यांना पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) वर्गात करून पाहा, पोरांना आवडेल.

आता नुसतं बसण्याकडे येऊ. मला स्वतःला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

मेंदूचे प्रयोग करणारे वर्षानुवर्षं एकच करत आले. काम करतानाचं चित्र घ्यायचं आणि त्यातून आरामाचं चित्र वजा करायचं. आराम म्हणजे शून्य, असं गृहीत. १९९० च्या दशकात लक्षात यायला लागलं की काम कुठलंही असो, वाचन, शब्द शोधणं, चित्र ओळखणं, काही ठरावीक भाग दर वेळी मंदावतात. म्हणजे आरामात ते जास्त चालू असतात! कपाळामागचा मधला भाग, डोक्याच्या मागच्या बाजूचा आतला भाग आणि दोन्ही कानांच्या वर-मागे असलेला एकेक पट्टा. २००१ मध्ये राईकल यांनी मेंदूच्या या मूळ अवस्थेला 'डिफॉल्ट मोड' म्हटलं, त्यावरून या जाळ्याचं नाव पडलं डिफॉल्ट मोड नेटवर्क. त्याआधी १९९५ मध्ये भारतीय वंशाचे भरत बिस्वाल यांनी अमेरिकेत दाखवलं होतं की माणूस बोटसुद्धा न हलवता पडलेला असला, तरी डाव्या आणि उजव्या हाताचे मेंदूतले भाग एका तालात वर-खाली होत असतात. ती यंत्राची खरखर आहे असंच तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं होतं.

हे जाळं करतं काय? मागचं आठवतं, पुढचं रंगवतं, दुसऱ्याच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज घेतं. "तो सरपंच मले असं काहून बोलला असन", "औंदा तूर पेरू का सोयाबीनच बरं", "पोरीचं कसं होईन", सगळं इथलंच. समोर काम नसलं की मेंदू या गोष्टींकडे वळतो. काम आलं की त्यांना मागे सारतो, आणि हे सारणं नीट जमलं नाही की ओळीवरून ओळ फिरते पण डोक्यात काही शिरत नाही.

म्हणून ओट्यावर तासन्‌तास गप्प बसलेल्या माणसाबद्दल घरचे "आरामात आहे" म्हणतात, तेव्हा मी दोन प्रश्न जास्तीचे विचारते. झोप लागते का? पहाटे तीनला जाग येऊन तेच तेच विचार येतात का? कर्ज, नापिकी, बोंडअळी यांचा घोर लागलेला माणूस बाहेरून स्वस्थ दिसतो, पण आत मेंदूचं तेच जाळं एकाच खोबणीत फिरत असतं. नैराश्यात विचार असे घोळत राहतात तेव्हा या जाळ्याचं कामकाज बदललेलं असतं, हे बऱ्याच अभ्यासांत आढळलंय. अशा माणसाला "काही काम नाही म्हणून विचार येतात" एवढं सांगून भागत नाही, त्याला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवला तर फार बरं होईल.

आरामाची चांगली बाजूही आहे, ती मुलाच्या कामाची. २०१२ मध्ये एडिनबरामधल्या संशोधकांनी वयस्क माणसांना गोष्टी ऐकवल्या. एका गोष्टीनंतर दहा मिनिटं अंधाऱ्या खोलीत नुसतं बसू दिलं, दुसरीनंतर दोन चित्रांतले फरक शोधायचा खेळ दिला. सात दिवसांनी पाहिलं, तर बसून घेतल्यानंतरची गोष्ट जास्त आठवत होती. उंदरांमध्ये तर अशा निवांत क्षणी, नुकत्याच चाललेल्या वाटेच्या पेशी पुन्हा त्याच किंवा उलट्या क्रमाने पेटताना दिसल्या आहेत. धडा संपल्या संपल्या मोबाईल हातात घेणं म्हणजे आराम नाही, ते दुसरं कामच. ही दहा मिनिटं वाया जाऊ द्या. आंगणात चक्कर मारू दे, बाजेवर पडू दे, पण हातात काही नको.

खरी विश्रांती, म्हणजे खर्चच कमी होणं, ती गाढ झोपेत. तेव्हा सेकंदाला ४ पेक्षा कमी गतीच्या मोठ्या, संथ लहरी येतात आणि मेंदूचा ग्लुकोजचा वापर चांगलाच उतरतो. स्वप्नांच्या झोपेत तो पुन्हा जागेपणाच्या जवळपास येतो. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त आणि स्वप्नांची उत्तररात्री, म्हणून रात्री दोनपर्यंत बसून पहाटे पाचला उठणारा मुलगा नेमका दुसरा हप्ता गमावतो. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, त्यात रात्री लाईट गेली की झोपेचं खोबरंच. तेव्हा अवघड विषय पहाटेच्या गारव्यात ठेवावा आणि दुपारी फार तर उजळणी. यात शास्त्र थोडं आणि शहाणपण जास्त आहे, पण चालतं.

आता आजीचं ग्लुकोज. मेंदू दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो, पण तो भाकरी, वरण, भात यातूनच बनतो, आणि निरोगी माणसाच्या रक्तात त्याचा तुटवडा पडत नाही. दिवसाचा मेंदूचा खर्च ४०० किलोकॅलरींच्या आसपास. अभ्यासाने त्यात अगदी एक टक्का भर पडली असं धरलं तरी झाल्या ४ किलोकॅलरी. एका बिस्किटात त्याहून कितीतरी जास्त असतात. मग अभ्यासानंतर भूक का लागते? कॅनडात क्युबेकमध्ये विद्यार्थिनींवर झालेल्या प्रयोगात दिसलं की डोक्याचं काम केल्यावर खर्च फारसा न वाढताही त्या २०० हून अधिक किलोकॅलरी जास्त खातात. भूक खरी वाटते, तूट नसते. आजीला दुखवू नका, लिंबूसरबत प्यायला हरकत नाही. उन्हात पाणी लागतंच. पावडरीचे डबे आणू नका.

आणि तरी तो म्हणतो डोकं चालून नाही राहिलं, तर ते खोटं नाही. २०२२ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी लोकांना सहा तासांहून जास्त अवघड कामं दिली. कपाळामागच्या, बाजूच्या भागात ग्लुटामेट हे रसायन, सोपं काम करणाऱ्यांच्या तुलनेत, जास्त साचलेलं आढळलं. शिवाय ती माणसं उद्याच्या मोठ्या फायद्यापेक्षा आत्ताचा छोटा फायदा निवडू लागली. म्हणजे थकवा इंधन संपल्याचा नाही, कामातून साचलेल्याचा असावा. यावर अजून काम चालू आहे, पण व्यवहारात एवढं घेता येतं की बाराव्या तासाचा अभ्यास हा पहिल्या तासासारखा नसतो. सलग बसवण्यापेक्षा तुकडे करा, मध्ये घरचं हलकं काम सांगा, आणि रात्री सात-आठ तास झोपू द्या.

शिबिराचं राहिलं. पाच-दहा मिनिटांच्या ईईजीवरून रंगीत नकाशा छापून "गणितात कच्चा, एकाग्रता ६२ टक्के" असं कुणी लिहून देत असेल, तर त्याला आधार नाही. दात आवळले, कपाळाला आठी घातली तरी स्नायूंची वीज आलेखात शिरते आणि मेंदूच्या बीटा नावाच्या वेगवान लहरींसारखी दिसते. पापणी लवली की पुढचा भाग रंगून जातो. झोप कमी झाली, खोलीत गरम होतं, समोर अनोळखी माणूस उभा आहे, अशा साध्या कारणांनी नकाशा बदलतो. मुलाची क्षमता तुम्ही वर्गात रोज बघता, त्यापुढे हा कागद काहीच नाही. बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारे तर याहून पुढचे, त्यांना दारातूनच नमस्कार करा.

ईईजी काढायची वेळ वेगळी असते. मुलगा बोलता बोलता काही सेकंद हरवतो का, हाक मारली तरी नजर स्थिर राहते का, तोंडाने चघळल्यासारखं करतो का, नंतर त्याला ते आठवत नाही का, हातातली वस्तू मध्येच उडते का, विशेषतः सकाळी उठल्यावर? यातलं काही असेल तर ते दुर्लक्ष नव्हे, मिरगीचा एक प्रकार असू शकतो, आणि औषधाने आटोक्यात येतो. शक्य झालं तर त्या क्षणाचा मोबाईलवर व्हिडिओ काढा, त्याने निदान फार सोपं होतं. मग जिल्ह्याच्या ठिकाणी मेंदूविकारांच्या डॉक्टरांना दाखवून ईईजी करून घ्या. येताना त्याचे केस शाम्पूने धुतलेले असावेत, तेल अजिबात नको, आणि पोट भरून आणा. चालू औषधं असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.